बहात्तरावा हिस्सा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे भारतीय वायुदलाने आपल्या अखेरच्या मिग-२१ विमानांना निरोप दिला, त्या दिवशी त्याच विमानाचे प्लॅस्टिकचे सुटे भाग माझ्या कपाटातील एका पुठ्ठ्याच्या खोक्यात कित्येक वर्षे पडून होते. आणि समारंभाचा वृत्तान्त वाचून झाल्यावर मी ते खोके खाली काढले, कारण ज्या जातीची सहाशेहून अधिक विमाने आपल्या देशात, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात, बांधली गेली, ते विमान एकदा आपल्या हातांनी, लहान आकारात का होईना, बांधून पाहावे ही इच्छा आता पुढे ढकलण्यात अर्थ नाही असे मला तीव्रतेने वाटले.

अशा लहान प्रतिकृती बांधण्याच्या छंदातील मंडळी ज्याला 'किट' म्हणतात ते उघडल्यावर प्रथम दिसतात त्या चौकटी. वितळलेले पॉलिस्टायरिन दाबाखाली पोलादी साच्यात घातले म्हणजे साच्यातील प्रत्येक पोकळीपर्यंत ते पोचावे यासाठी ज्या वाटा ठेवलेल्या असतात, त्या वाटांतील प्लॅस्टिकही थंड होऊन काड्यांसारखे उरते. आणि पंख, शेपूट, चाके, वैमानिकाचे आसन, इंधनाच्या टाक्या असे सर्व जिन्नस त्या काड्यांना, वेलीला शेंगा लागाव्यात तसे, लागलेले असतात. सोबत जोडणीची चित्रे असतात आणि एका लहानशा कागदावर छापलेली बोधचिन्हे व क्रमांक असतात. बाकी सर्व, म्हणजे सुरी, कानस, पॉलिशपेपर, चिकटद्रव्य, रंग आणि मुख्य म्हणजे वेळ, करणाऱ्याने आणावयाचे.

माझ्या खोक्यावर १/७२ असा आकडा होता. मिग-२१ च्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या पंखाच्या टोकापर्यंतचे अंतर ७.१५ मीटर, त्याचा बहात्तरावा हिस्सा दहा सेंटिमीटरला किंचित कमी भरतो. हा बहात्तराचा आकडा प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटला तरी त्यामागे ब्रिटिश मोजमापाचा सरळ हिशेब आहे: सहा फुटांचे इंच बहात्तर होतात, म्हणजे सहा फूट उंचीचा पुरुष या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. त्याच न्यायाने एक फुटास पाव इंच धरले की १/४८ हे प्रमाण येते. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत जगभर रूढ असलेले १/३५ हे प्रमाण मात्र असल्या कोणत्याही हिशेबात बसत नाही आणि त्याची हकिकत सांगण्याजोगी आहे. जपानमधील शिझुओका या शहरातली तामिया ही मूळची लाकडाच्या धंद्यातली पेढी प्लॅस्टिककडे वळली आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी तिने दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृती काढली. तो रणगाडा स्वतः चालता व्हावा म्हणून त्याच्या पोटात विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवावयाच्या होत्या. त्या मावतील एवढी रुंदी धरून साचा केला, आणि मागाहून मोजून पाहता प्रमाण सुमारे १/३५ भरले. बॅटरीच्या आकाराने ठरलेला तो आकडा पुढे इतका रुळला की इतर देशांतील कारखान्यांनीही तोच शिरोधार्य मानला.

प्लॅस्टिकची ही परंपरा फार जुनी नाही. १९३६ साली इंग्लंडमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने विमानांच्या जोडावयाच्या प्रतिकृती विक्रीस आल्या, त्या १/७२ याच प्रमाणात होत्या. परंतु सेल्युलोज अॅसिटेटच्या असल्याने काळाच्या ओघात त्या वाकत व पिळवटत. मग युद्ध आले, आणि लहान विमानांना खेळण्याच्या पलीकडचे काम मिळाले. १९४२ साली अमेरिकेच्या आरमार खात्याने शाळांतील विद्यार्थ्यांकडून पाच लाख लाकडी विमाने करून घेण्याची योजना आखली, ती आकाशातील विमान आपले की शत्रूचे हे सैनिकांना क्षणात ओळखता यावे म्हणून. आणि तेथेही १/७२ हेच प्रमाण घेतले गेले, कारण या प्रमाणातील प्रतिकृती पस्तीस फुटांवरून पाहिली की ती अडीच हजार फुटांवरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या, खऱ्या विमानाएवढी दिसते. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने लंडनमध्ये स्थापन केलेल्या एअरफिक्स कंपनीने युद्धानंतर, १९५२ साली, 'गोल्डन हाइंड' हे इंग्रज दर्यावर्दी ड्रेकचे जहाज दोन शिलिंग किमतीला, खोक्याऐवजी साध्या पिशवीत घालून, वूलवर्थच्या दुकानांतून विकावयास काढले, आणि पुढच्याच वर्षी स्पिटफायर विमान काढले. तेव्हापासून हा श्रीमंतांचा षौक न राहता शाळकरी मुलाच्या खाऊच्या पैशांत येणारी गोष्ट झाली.

आता कामाकडे वळतो. भाग काडीपासून पिळून तोडू नये. धारदार कातरपक्कडीने थोडा दूर कापावा, उरलेली गाठ सुरीने तासावी आणि मग बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासावी. चिकटद्रव्य लावण्यापूर्वी दोन्ही बाजू कोरड्याच जुळवून पाहाव्यात. या धंद्यातले चिकटद्रव्य डिंकासारखे मध्ये राहून दोन वस्तू धरून ठेवीत नाही, तर प्लॅस्टिकला क्षणभर विरघळवते. दोन्ही काठ एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होतात, म्हणूनच त्याचा जोड पक्का असतो, आणि म्हणूनच चुकून पडलेला थेंब पुसू जाणाऱ्याच्या बोटाचा ठसा विमानाच्या पाठीवर कायमचा उमटतो. खिडक्या उघड्या ठेवून काम करावे, कारण त्या द्रवाची वाफ प्रकृतीला चांगली नव्हे. मिग-२१ तीन चाकांवर उभे राहते आणि त्याचा बराचसा भार मागे असतो. पोकळ प्लॅस्टिकच्या प्रतिकृतीत पुढे वजन घातले नाही तर ती शेपटीवर बसते. या विमानाच्या नाकात हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या मधोमध जो शंकू असतो तो किटमध्ये आतून पोकळ असतो. त्यात शिशाचे छर्रे भरून मी ती अडचण दूर केली, परंतु दोन्ही अर्धी अंगे चिकटवण्यापूर्वीच हे स्मरावे लागते. जोडाची रेघ लांबी भरून, घासून, पुन्हा भरून, पुन्हा घासून नाहीशी करण्यात माझ्या चार रात्री गेल्या, आणि त्या रात्रींत मन जितके शांत होते तितके इतर कोणत्याही कामात मी अनुभवलेले नाही.

परंतु या कामातील खरी अडचण हातांच्या कौशल्याची नाही. ती अशी की वस्तू लहान करता येते, पण तिच्याबरोबर जग लहान होत नाही. पंखाची मागची कड प्लॅस्टिकमध्ये अर्धा मिलिमीटर जाड राहिली, तर त्या हिशेबाने खऱ्या विमानाची कड छत्तीस मिलिमीटर जाड ठरते आणि सुरीच्या पात्यासारखा असणारा पंख फळकुटासारखा दिसू लागतो. पत्र्यांमधील सांधे दाखविण्यासाठी कोरलेल्या रेघा केसाएवढ्या असल्या तरी मूळ विमानावर त्या काही मिलिमीटर रुंदीच्या भेगा ठरतील. रंगाचेही तेच आहे. वायुदलाच्या विमानावरील रंगाचा नमुना मिळवून तो जसाच्या तसा लहान विमानावर दिला तर विमान गडद आणि खेळण्यासारखे दिसते. कारण फूटभर अंतरावरून पाहिलेली ही प्रतिकृती म्हणजे बहात्तर फुटांवरून पाहिलेले विमान होय, आणि बहात्तर फुटांची हवा मध्ये आली की रंग थोडा विरतो. म्हणून रंगात पांढऱ्याचा अंश मिसळतात. हा अंश किती असावा याविषयी जाणकारांत दुमत आहे. माझ्या मते तो डोळ्यांना कळेल न कळेल इतकाच असावा, अन्यथा सर्वच विमाने धुक्यातून आल्यासारखी दिसतात. रंग दुधाइतका पातळ करून त्याचे अनेक हात द्यावेत, आणि बोधचिन्हे लावण्याआधी चकचकीत वार्निशचा एक हात द्यावा. खरखरीत पृष्ठावर चिन्हाच्या पापुद्र्याखाली हवा अडकते आणि वायुदलाच्या केशरी, पांढऱ्या व हिरव्या वर्तुळाभोवती चंदेरी डाग उमटतो.

म्हणजे हुबेहूब दिसण्यासाठी मूळ वस्तूपासून जाणूनबुजून दूर जावे लागते. ही गोष्ट माणसांच्या आकृती रंगविताना अधिकच प्रत्ययास येते. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ साली आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतण्याची युक्ती काढली आणि त्यांची सुमारे चौपन्न मिलिमीटर ही उंची आजही रंगकाम करणाऱ्यांची आवडती उंची आहे. चार बोटे रुंदीहूनही कमी उंचीच्या या पुतळ्याच्या अंगरख्यावरील घडीत सावली पडते खरी, परंतु ती इतकी उथळ असते की डोळ्यांना जाणवत नाही. खऱ्या सैनिकाच्या अंगरख्यात जी सावली सूर्य पाडतो ती येथे रंगकर्त्याला स्वतः रंगवावी लागते. घडीच्या तळाशी गडद, उंचवट्यावर फिकट, आणि दोहोंच्या मध्ये सात-आठ छटा अशा बेताने देतात की एक छटा दुसरीत मिसळत जावी आणि सीमा दिसू नये. हनुवटीखाली, टोपीच्या कडेखाली, पट्टा जेथे अंगाला भिडतो तेथे अंधार चितारावा लागतो.

आणि मग डोळे. चौपन्न मिलिमीटरच्या आकृतीत डोळा एक मिलिमीटरही भरत नाही. शुभ्र पांढऱ्याने बुबुळाभोवतीची जागा भरली तर माणूस भयभीत दिसतो, म्हणून तेथे किंचित करडा किंवा मातकट पांढरा घेतात. बुबुळ वरच्या पापणीला टेकवतात, नाहीतर नजर रोखलेली वाटते. आणि वरच्या पापणीची रेघ काळसर तपकिरी ओढली की चेहरा जागा होतो. आपल्याकडे पेणच्या गणेशमूर्तिकारांत डोळ्यांची आखणी हे काम सर्वांत कसबी हाताकडे असते आणि ते बहुधा अखेरीस केले जाते. लहान आकृती रंगविणारे पुष्कळजण याच्या उलट डोळे आरंभीच काढतात, कारण चूक झाली तर भोवतालच्या कातडीच्या रंगाने ती झाकता येते. क्रम भिन्न असला तरी त्या रेघेपुढे हात थबकावा ही गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

एकेकटी आकृती नीट रंगवता येऊ लागली की दोन आकृती एकमेकींजवळ ठेवण्याचा मोह होतो, आणि तेथून पुढे ही कला कथनाच्या क्षेत्रात शिरते. शिकागोचे शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी मोनोग्राम या अमेरिकन कंपनीच्या किटांसाठी केलेल्या देखाव्यांतून आणि १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून एका संपूर्ण पिढीला हे शिकविले की रणगाडा, झाड आणि चार सैनिक एका फळीवर मांडले म्हणजे देखावा होत नाही. कोण कोणाकडे पाहत आहे, काय नुकतेच घडले आणि काय घडणार आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

परंतु या साऱ्या विद्येचा सर्वांत मोठा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत करुण दाखला प्लॅस्टिकच्या शंभर वर्षे आधीचा आहे. १८३० साली विल्यम सायबोर्न नावाच्या ब्रिटिश लेफ्टनंटला वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती तयार करण्याचे काम वरिष्ठांनी सोपविले. तो रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि चढउतार, बांध, रस्ते यांची त्याने मोजणी केली. तेवढ्याने त्याचे समाधान होईना. १८ जून १८१५ च्या सायंकाळी सातच्या सुमाराचा निर्णायक क्षण त्याला दाखवायचा होता, आणि त्या क्षणी कोणती पलटण कोठे होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रूचे कोण होते, पायांखालच्या शेतात कोणते पीक उभे होते, हे सरकारी दफ्तरातून कळण्यासारखे नव्हते. म्हणून त्याने त्या लढाईतून जिवंत परतलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठविली आणि शेकडो उत्तरे मिळविली. अर्ध्या वाटेवर, १८३३ साली, सरकारने हात आखडता घेतला. त्याने स्वतःच्या खर्चाने काम चालू ठेवले. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ती प्रतिकृती मांडली गेली तेव्हा एक शिलिंग देऊन सुमारे एक लाख लोकांनी ती पाहिली. तरीही सायबोर्नचे कर्ज फिटले नाही, आणि ब्रिटिशांच्या मदतीला आलेली प्रशियन फौज त्या क्षणी कोठवर येऊन पोचली होती याविषयीच्या वादाने त्याला अखेरपर्यंत सोडले नाही. १८४९ साली तो वारला.

चारशे चौरस फुटांहून मोठ्या त्या प्रतिकृतीत भूमी नऊ फुटांस एक मैल या प्रमाणात आहे आणि तीवर सत्तर हजारांहून अधिक धातूचे सैनिक उभे आहेत. नऊ फुटांस मैल हा हिशेब कसोशीने पाळला असता तर प्रत्येक सैनिक तीन मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा फार मोठा नाही असा, झाला असता आणि कोण इंग्रज, कोण फ्रेंच, हे कोणालाच कळले नसते. सायबोर्नने ते सुमारे दहा मिलिमीटरचे केले. आठ महिने जरीब घेऊन फिरलेल्या माणसाने हे केले याचा अर्थ असा की प्रमाण कोठे पाळावयाचे आणि कोठे सोडावयाचे याचा निर्णय त्याने पूर्ण जाणतेपणे घेतला.

हाच निर्णय महाराष्ट्रातील मुले दर दिवाळीत कोणी न शिकवता घेतात. अंगणात दगडमातीचा किल्ला उभा राहतो, त्यावर अळीव आणि मोहरी पेरून हिरवळ उगवते, आणि मग बाजारातून आणलेला भालाईत मावळा ज्या बुरुजावर उभा केला जातो त्या बुरुजाइतकाच उंच असतो. सिंहासनावरचे महाराज महादरवाजातून आत जाऊ शकणार नाहीत इतके मोठे असतात. मोजपट्टी घेऊन या किल्ल्याला नावे ठेवणारा माणूस त्यातले मुख्य तेच विसरतो. मुलाला महाराज दिसावयास हवे असतात, आणि ते दिसतात. मात्र ज्या घरातील मूल तो किल्ला बांधण्यापूर्वी रायगडावर किंवा प्रतापगडावर एकदा चालून आलेले असते, त्याच्या किल्ल्यातील तटाचे वळण आणि दरवाजाची आड बाजू काही निराळीच साधते, हे मी अनेकदा पाहिले आहे. जाणूनबुजून बदल करण्याचा अधिकार आधी नीट पाहिल्याने येतो.

माझे मिग पुरे झाले ते दिवाळीनंतर. रुपेरी रंगाखालचे चकचकीत काळे अस्तर दोनदा खरवडून पुन्हा द्यावे लागले, कारण धातूसारख्या रंगात घासणीचा एकेक ओरखडा उघडा पडतो. मागच्या बाजूस, जेथे इंजिनाच्या उष्णतेने पत्रा काळवंडतो, तेथे तीन छटा वापरल्या. आणि वैमानिकाच्या कक्षात त्या रशियन विमानांचा ओळखीचा निळसर हिरवा रंग भरला. त्या कक्षात बसलेला वैमानिक बोटाच्या पेराएवढा आहे, आणि काच बसविल्यावर तो जेमतेम दिसतो. तरी त्याच्या पापणीची रेघ मी ओढली आहे.

हे सर्व करीत असताना पदोपदी पडणारे प्रश्न पुस्तकांतील छायाचित्रांनी अर्धेच सुटले. कोणत्या झाकणाचा रंग रोजच्या हाताळणीने आधी उडे, चढण्याच्या शिडीचे ओरखडे नेमके कोठे पडत, पंखाच्या बुडाशी तेलाचा ओघळ कोणत्या बाजूस जाई, नवे विमान कारखान्यातून बाहेर येताना त्याच्या पत्र्याची झळाळी कशी असे, हे ज्यांनी पाहिले आणि ज्यांच्या हातांनी हे झाले ती माणसे ओझरला, नाशिक शहरात, पिंपळगावला आज निवृत्तीचे आयुष्य जगत आहेत. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या कारखान्यात पहिल्या काही वर्षांत कामाला लागलेले कारागीर आता ऐंशीच्या घरात आहेत. सायबोर्नने वॉटर्लूच्या लढाईनंतर वीस वर्षांच्या आत साक्षीदारांना गाठले. म्हणून तो शेतातले पीकसुद्धा दाखवू शकला. आपल्या वाचकांपैकी कोणाचे वडील, काका, आजोबा या विमानांवर काम केलेले असतील, तर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, त्यांच्या कपाटातील जुनी छायाचित्रे बाहेर काढा, आणि रंगापासून खिळ्यापर्यंत त्यांना जे जे आठवते ते ते या वर्षीच लिहून घ्या.